बालवाडीत चवथ शिकवायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न (बालवाडी शिक्षिका, फोंडा तालुका)

सर्वांना नमस्कार. मी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीत शिकवते. माझ्या वर्गात साडेतीन ते साडेपाच वर्षांची 22 मुले आहेत. दरवर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात आमच्याकडे ‘सांस्कृतिक सप्ताह’ असतो. एके दिवशी मुले धोतर आणि नऊवारी नेसून येतात, दुसऱ्या दिवशी तयार मखरासमोर आरती होते, तिसऱ्या दिवशी शिगम्याचा (फाल्गुनातल्या लोकोत्सवाचा) म्हणून एक नाच होतो, छायाचित्रे पालकांच्या गटावर जातात आणि सप्ताह संपतो. गेल्या वर्षी तो संपल्यानंतर मी एका चार वर्षांच्या मुलीला सहज विचारले, की चवथीला काय असते गं. ती म्हणाली, “फोटो काडटात.” त्या उत्तराने मी फार अस्वस्थ झाले, कारण आम्ही तिला जे दाखवले होते तेच तिने सांगितले होते.

यंदा तो सप्ताह मला वेगळ्या रीतीने करायचा आहे, पण काही गोष्टींचा उलगडा होत नाही, म्हणून तुमच्यापुढे मांडते.

माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात, आमचे शिकवणे मराठीतून चालते, आणि आरत्या, नमने, भजने तर सगळी मराठीच. चार मुले ख्रिश्चन घरांतील आहेत, दोन मुसलमान घरांतील, आणि तिघांचे आईवडील कामासाठी उत्तर कर्नाटकातून येथे आले आहेत. एवढ्या लहान वयात सणाची माहिती सांगून काही उपयोग होतो का, की ती पुढच्या वर्गांसाठी ठेवावी? आणि वर्गातील काही मुले यजमान व काही मुले पाहुणी असे न होऊ देता हे सण कसे दाखवावेत?

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. आमचा तालुका देवळांचा आहे आणि त्यांतील कितीतरी देव मुळात येथले नाहीत, ते पोर्तुगीज काळात नदीपलीकडून आणले गेले. एका पालकांचा आग्रह आहे, की हा इतिहास मुलांना लहानपणापासून कळलाच पाहिजे. दुसऱ्या पालकांचे म्हणणे असे, की बालवाडीत हा विषय काढूच नये. मला दोघांचेही थोडेथोडे पटते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. ज्यांनी लहान मुलांबरोबर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

उत्तर 1 (निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरी)

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर चवथीतच आहे, आणि ते देवाच्या डोक्यावर टांगलेले असते. मी माटोळीविषयी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या, फळाफुलांनी बांधलेल्या लाकडी चौकटीविषयी बोलतो आहे. मखर बाजारातून आणता येते, रोषणाई विकत मिळते, पण माटोळी मात्र एकेक वस्तू जमवत बांधावी लागते, आणि लहान मुलाला सण कळतो तो असा जमवाजमवीतून.

आमच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना घेऊन मी अनेक वर्षे माटोळी बांधत असे. ती आम्ही शाळेत पुजत नव्हतो, फक्त बांधत होतो, आणि चवथीची सुटी लागण्यापूर्वी सोडून जिन्नस ज्याचे त्याला परत देत होतो. प्रत्येक मुलाने घरून किंवा वाटेवरून एकच जिन्नस आणायचा आणि तो कोणी दिला, कुठे मिळाला हे सांगायचे, एवढाच नियम होता. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असलेल्या घरातील मुलगा सुपारीचे शिपटे (घोस) आणायचा, दुसरा कोणी तवशे, चिबूड, आंबाडे किंवा तोरिंग आणायचा, आणि रानाच्या कडेला राहणारी मुले घागऱ्या, कांगण्या, म्हाळुंग घेऊन यायची. ज्या मुलाच्या घरी ना कुळागर ना परसू, तो आंब्याची डहाळी आणायचा आणि तिला माटोळीत तेवढाच मान मिळायचा. सगळे जिन्नस जमिनीवर मांडले, की मुले आपण न सांगताच त्यांची वर्गवारी सुरू करतात: गोल आणि लांब, हिरवे आणि पिवळे, खायचे आणि न खायचे. कोणाचा वास कसा येतो यावर वाद होतात. मोजणी होते, तुलना होते, नवे शब्द तोंडात बसतात, आणि हे सगळे ‘आज आपण गणित शिकणार आहोत’ असे न म्हणता होते.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी एक बदल करावा. लाकडी चौकट छताला टांगण्याऐवजी दोन बाकांच्या मध्ये, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर आडवी ठेवावी. मग मूल स्वतः दोरा घेऊन बांधू शकते. आमच्याकडे केवणीच्या सालीचा दोर वापरत. तुम्हाला तो न मिळाल्यास सुंभही चालेल, पण प्लॅस्टिकची सुतळी शक्यतो टाळावी, कारण माटोळीतली प्रत्येक वस्तू शेवटी मातीत किंवा पोटात जाते, ही गोष्ट मुलांना सांगता येण्यासारखी आहे.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. कवंडळे दिसायला लालभडक आणि मोहक असतात, पण ती विषारी आहेत. कळलावीची फुले काही ठिकाणी माटोळीला लावतात, तिचा तर कंदही घातक असतो. या दोन्ही वस्तू बालवाडीत आणू नयेत. बाकीच्या रानफळांबाबतही ‘हात लावायचा, वास घ्यायचा, तोंडात घालायचे नाही’ हे आधी म्हणून घ्यावे. रानातून ओरबाडून आणण्याची सवयही लागू देऊ नये. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते आणि त्या निमित्ताने विस्मरणात गेलेली कितीतरी रानफळे पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर आली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. मात्र शाळेत स्पर्धा नको, संख्येची तर नकोच. एका वेलीवर पाच फळे असतील तर एक घ्यावे आणि चार रानाला ठेवावीत, असे माझे आजोबा सांगत, आणि मी मुलांना तेच सांगत आलो.

फोंड्यात चवथीच्या आदल्या एकदोन दिवसांत माटोळीचा बाजार भरतो. गर्दीत 22 मुले नेणे धोक्याचे आहे, पण तिथे बसणाऱ्या एखाद्या बाईंना आधी भेटून, वर्गात तासभर येण्याची विनंती करता आली तर पाहावे. त्यांना रानाची जी ओळख असते ती आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. त्यांच्या तासाचे मानधन मात्र शाळेने द्यावे.

आता देवांच्या स्थलांतराविषयी. पाच वर्षांच्या मुलाला खोटे सांगू नये आणि त्याला पेलणार नाही एवढेही सांगू नये, असे मला वाटते. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. 1560 मध्ये भक्तांनी देवाला तिथून हलवून प्रियोळला आणले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. दोघांनाही मध्ये जुवारी नदी ओलांडावी लागली. मुलांना मी एवढेच सांगत असे, की देवाला घेऊन माणसे रात्री होडीत बसली आणि नदीपलीकडे आली, आणि इथल्या लोकांनी त्यांना जागा दिली. मुले विचारतात, “का आली?” तेव्हा सरळ सांगावे, की त्या वेळच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी तिकडे देवळे राहू दिली नाहीत. येथे ‘राज्यकर्त्यांनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो सुटला आणि त्याच्या जागी एखाद्या धर्माचे नाव आले, तर त्याच बाकावर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाकडे बाकीची मुले वळून पाहतील. ज्या घराण्यांत आजही मूर्तीऐवजी पत्री किंवा कागदावरचे चित्र पुजतात, त्यांची हकिकतही अशीच थोडक्यात सांगता येते. इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय), 1560 ते 1812 हा कालखंड, त्यातील कायदे आणि शिक्षा हे सारे जरूर शिकवावे, पण ते सातवी-आठवीत, पुरावे समोर ठेवून.

उत्तर 2 (पालक, माशेल)

टीचर, गुरुजींनी लिहिलेले मी दोनदा वाचले. त्यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. सण शाळेत आणण्यापेक्षा मुलाला सणात नेणे अधिक उपयोगी पडते, आणि ते काम शाळेने पालकांच्या गळी उतरवले पाहिजे.

आमच्या माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. आई आणि तिचे मूल यांची एकत्र पूजा होणारे हे देऊळ आहे, आणि कृष्णाच्या बाळपणीच्या खेळांची आठवण म्हणून थोरामोठ्यांनी चिखलात खेळायचे, यापेक्षा लहान मुलाच्या जवळचा सण मला तरी दुसरा दिसत नाही. अंगाला तेल लावून पुरुष आणि मुले पावसाने भिजलेल्या मैदानात उतरतात, एकमेकांना ओढतात, लोळवतात, जुने खेळ खेळतात, आणि लोक वरून प्रसादाचा खाऊ टाकतात.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना पहिल्यांदा आजोबांच्या खांद्यावर बसून तिथे गेला आणि घाबरून रडला, कारण त्याला आजोबाच ओळखू येईनात. आम्ही त्याला आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी त्याने कडेला बसून फक्त पाय चिखलात घातले. तिसऱ्या वर्षी तो स्वतःहून आत उतरला, आणि घरी येऊन त्याने जे सांगितले ते मी लिहून ठेवले आहे: “आई, थंय (तिथे) सगळे एकाच रंगाचे आसात.” ही गोष्ट त्याला कोणी शिकवली नव्हती. एका सप्ताहात हे झाले नसते, त्याला तीन पावसाळे लागले. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की आपल्या मुलाला वर्षभरात आपल्या गावच्या कोणत्या सणाला, कोणाबरोबर नेणार आहात, हे पालकांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्यावे. बहुतेक घरांत हे काम आजीआजोबा आनंदाने घेतील, त्यांना कोणी विचारतच नाही.

दुसरे एक सुचते. चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड होतो. होड्या एकमेकींना बांधून त्यांवर देखावे उभे करतात आणि त्या नदीतून जातात. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, पण दोन होड्या बांधून एक केलेली खरीखुरी सांगड मी सांगोडातच पाहिली. वर्गात पाण्याच्या परातीत नारळाच्या दोन करवंट्या आधी सुट्या सोडाव्यात, मग काडीने जोडून सोडाव्यात आणि त्यांवर मातीचे लहानसे खेळणे ठेवून पाहावे. सुट्या करवंट्या कलंडतात, जोडलेल्या कलंडत नाहीत. मुले हा खेळ तासभर सोडत नाहीत.

उत्तर 3 (घुमटवादक, डिचोली तालुका)

मी शाळाशाळांतून मुलांना घुमट शिकवतो, म्हणून त्याविषयी आणि शिगम्याच्या त्या नाचाविषयी लिहितो.

घुमट हे मातीचे भांडे आहे. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. एका हाताने कातड्यावर वाजवायचे आणि दुसऱ्या हाताने लहान तोंड कमीअधिक झाकायचे, की आवाज भरतो आणि उतरतो. साडेतीन वर्षांच्या मुलालाही तो फरक ऐकताक्षणी कळतो आणि ते हसू लागते. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे लावत असत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. हा बदल मुलांपासून लपवू नये. आवाजात थोडा फरक पडला, पण घोरपड रानात राहिली आणि घुमटही राहिले, हे मुलांना चांगले समजते. परंपरा म्हणजे काहीच न बदलणे, अशी समजूत त्यामुळे लहानपणीच निघून जाते.

आरतीच्या भाषेची चिंता करू नका. आमच्या घरांत पिढ्यानपिढ्या माणसे कोकणी बोलत आली आणि देवापुढे मराठी गात आली, आणि मुलांच्या कानांना या दोन्ही भाषा सवयीच्या आहेत. लहान मूल आरतीचे शब्द आधी चुकीचे म्हणते, मग तालात म्हणते, आणि अर्थ त्याला फार नंतर कळतो. प्रत्येक आरतीतील दोन-तीनच शब्द निवडून त्यांचा अर्थ खेळातून दाखवावा, बाकीचे सोडून द्यावेत. मी प्रथम घुमटाच्या साथीची शामेळ आणि कासाळे ही वाद्येही हातात देत नाही. आठवडाभर फक्त टाळ्या. ज्याला टाळीत ताल सापडतो त्याचा हात पुढे आपोआप घुमटावर बसतो.

आता शिगम्याच्या नाचाविषयी मला स्पष्ट बोलावे लागेल, बाई, कृपया राग मानू नये. शिगमो हा मांडावरून सुरू होतो. मांड म्हणजे गावाची ठरलेली, पवित्र मानलेली जागा. तिथे चपला काढून उभे राहतात, आधी नमन होते, गावाच्या देवतांना बोलावले जाते, आणि मगच ढोलताशांसह मेळ घरोघरी जातात. आमच्या भागातील घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन जे पुरुष नाचतात, ते त्या दिवसापुरते केवळ नाचणारे राहत नाहीत, गाव त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. पुठ्ठ्याचे घोडे बांधून, ध्वनिमुद्रित गाण्यावर सहा मिनिटांत तो प्रकार बालवाडीच्या मंचावर उरकला, की मुलाच्या मनात तेच घर करून बसते, आणि पुढे खरा मांड पाहिल्यावर त्याला तो फिका वाटतो. शहरांत निघणाऱ्या शिगम्याच्या मिरवणुकांनी कलाकारांना व्यासपीठ दिले, हे मी मान्य करतो, मीही त्यांत वाजवले आहे. पण ज्या मुलाने फक्त चित्ररथ पाहिले, त्याने शिगमो पाहिला असे मी म्हणणार नाही. धालोंचेही तसेच आहे. पौषातल्या रात्री बायका मांडावर एकत्र येऊन जे गातात, ते दुपारच्या कार्यक्रमात आणू नये.

याऐवजी फाल्गुनात, दिवसाच्या शांत वेळी मुलांना जवळच्या मांडावर न्यावे. तिथे काही चाललेले नसले तरी चालेल. चपला काढायच्या, गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने ही जागा कशाची हे पाच वाक्यांत सांगायचे, आणि परत यायचे.

उत्तर 4 (निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरी)

वरील मताशी मी सहमत आहे, केवळ एक अपवाद सुचवतो. गोफ बालवाडीत करण्यास हरकत नसावी. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या नाचत नाचत विणायच्या आणि उलट्या पावलांनी पुन्हा सोडवायच्या, हे पाच वर्षांच्या मुलांना तीन फितींवर जमते. एक मूल चुकले की वीण अडते आणि सगळ्यांना थांबून त्याची वाट पाहावी लागते. त्यासाठी मंच, पोशाख, प्रेक्षक यांपैकी काहीही लागत नाही.

उत्तर 5 (पूर्वप्राथमिक शिक्षिका, बार्देश)

यजमान आणि पाहुणे या तुमच्या प्रश्नावर लिहिते, कारण त्यात माझी एक चूक झाली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नाताळाआधी वर्गातील एकमेव ख्रिश्चन मुलाला उभे केले आणि म्हटले, “सांग बघू, तुमच्या सणाला तुम्ही काय काय करता?” तो मुलगा एरवी भरपूर बोलणारा होता. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत यायला तयार नव्हता, असे त्याच्या आईने सांगितले. ‘तुमच्या’ या एका शब्दाने मी त्याला वर्गातून बाहेर काढले होते. त्यानंतर मी कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी केले नाही.

आता मी सणाच्या नावापासून सुरुवात करत नाही, वस्तूपासून करते. भाताचे कणीस घ्या. ऑगस्टमध्ये आपल्याकडे कोणसाचें फेस्त होते. राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला आणि ताळगावला 21 ऑगस्टला नव्या भाताच्या लोंब्या कापून आशीर्वादित करतात आणि घरोघरी देतात. त्याच सुमारास हिंदू घरांत आणि देवळांत ‘नवे’ हा नव्या भाताचा सण होतो, कणसे देवापुढे ठेवतात, दाराला बांधतात. मी दोन्हींकडची कणसे टोपलीत एकत्र ठेवते आणि मुलांना विचारते, की कोणते कोणाकडचे. अर्थात ओळखता येत नाही. मग प्रत्येक जण आपल्या घरी कणीस कुठे ठेवतात ते सांगतो, आणि कोणालाही वेगळे उभे राहावे लागत नाही.

जूनमध्ये सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, येतो. 24 तारखेला डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून लोक विहिरींत उड्या घेतात. आम्ही वर्गात फक्त कोपेल करतो, आणि विहिरीजवळ मोठ्या माणसाशिवाय कधीही जायचे नाही हेही त्याच दिवशी सांगतो. गोष्टीच्या तासाला मी सात बहिणींची लोककथा सांगते. शिरगावची देवी लईराई, मोरजीची मोरजाई, आणि बाकीच्या बहिणी, त्यांचा एक भाऊ खेतोबा. लोक मानतात, की म्हापशाची मिलाग्रिस सायबीण (मेरीमाता) ही त्यांच्यातलीच एक बहीण, मिराबाय. तिच्या फेस्ताला हिंदूही रांगेत उभे राहतात. ही कथा मी रचलेली नाही, ती आमच्या आज्या सांगत आल्या, आणि मुलांना ‘बहीण’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर (चवथीनंतर)

गुरुजी, आणि तुम्ही सगळेच, मनःपूर्वक आभार. लगेच लिहिता आले नाही, कारण आधी करून पाहायचे होते.

सप्ताह पूर्णपणे बदलता आला नाही. वेषभूषेचा दिवस व्यवस्थापनाच्या इच्छेने राहिला, पण नाच आम्ही रद्द केला आणि त्याच्या जागी माटोळी बांधली. बाकांच्या मध्ये ठेवलेल्या चौकटीची सूचना फार उपयोगी ठरली. एका मुलाने आणलेले कवंडळ मी दारातच वेगळे काढले आणि त्याच्या पालकांना समजावून सांगितले. तुम्ही आधी सांगितले नसते, तर सर्वांत सुंदर फळ म्हणून मीच ते मधोमध बांधले असते.

जे ठरवले नव्हते तेही घडले. उत्तर कर्नाटकातील एक वडील आंब्याची डहाळी घेऊन मुलाला सोडायला आले आणि आमची शाडूची माती पाहून थांबले. त्यांच्या गावी ज्येष्ठातल्या अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात, असे त्यांनी सांगितले, आणि दाराशीच बसून त्यांनी एक बैल करून दाखवला. त्यानंतर दोन दिवस वर्गात गणपती कमी आणि बैल जास्त झाले. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांची पूजा होते, तेव्हा त्यांना पुन्हा बोलवायचे ठरवले आहे.

मशीद आणि देऊळ दोन्ही दाखवायची माझी इच्छा होती. फोंड्याची साफा मशीद 1560 ची आहे, म्हणजे मंगेश प्रियोळला आले त्याच वर्षाची, हे मला ही तयारी करताना लक्षात आले. दोन्ही ठिकाणी पायऱ्यांची तळी आहे. पावसात पायऱ्या निसरड्या असल्याने तळ्यांकडची सहल डिसेंबरवर ढकलली आहे, तेव्हा मुले दुरून पायऱ्या मोजतील. नदी ओलांडून आलेल्या देवाची गोष्ट मात्र सांगितली, अगदी गुरुजींनी लिहिली त्याच शब्दांत. “का आली?” हा प्रश्न आला नाही. एका मुलीने विचारले, “होडयेंत देवाक भंय दिसलें?” (होडीत देवाला भीती वाटली?) मी म्हटले, बरोबर माणसे होती. ज्या दोन पालकांचा वाद होता त्यांपैकी एकांना हे पुरेसे वाटले, दुसऱ्यांना अजूनही अपुरे वाटते, आणि त्यांच्याशी माझे बोलणे चालू आहे.

आता दिवाळी जवळ येत आहे. रात्रभर मोठ्या आवाजात चालणाऱ्या, नरकासुराच्या पुतळ्यांच्या कार्यक्रमांनी माझ्या वर्गातील तीन मुले गेल्या वर्षी फार घाबरली होती, म्हणून बालवाडीत नरकासुर न करता पहाटेचा भाग करावा असे मनात आहे: तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे, आणि दुधातले, ताकातले, गुळातले असे वेगवेगळे फोव (पोहे) प्रत्येक घरून थोडेथोडे आणून एकत्र बसून खाणे. 22 कारिटे मात्र मला एकत्र कुठे मिळतील हे कळत नाही, कारण आमच्याकडे ती हल्ली बाजारातही मोजकीच येतात.

उत्तर 6 (पालक, माशेल)

टीचर, आमच्या शेताच्या बांधावर कारिटाचे दोन वेल आहेत. गुरुजींच्या आजोबांचा नियम पाळून जेवढी काढता येतील तेवढी काढते. कमी पडली तर दोन मुलांत एक द्यावे, आमच्या घरी भावंडे तशीच फोडतात, एकाने फोडायचे आणि दुसऱ्याने ‘गोविंदा’ म्हणायचे. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी पाठवून देईन.